बेंबळीची रणजा

सिद्धारामाला हाक मारली की तो “आलो, अव्वा” म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. तसं पाहिलं तर गोठ्यातली म्हैसही हाकेला येत नाही. पण म्हैस निदान ‘आलो’ म्हणत नाही. त्याच्या आजीचं, शिवगंगाअक्कांचं, दुखणं हे होतं. कडक भाकरीची खोकी बांधून ओट्यावर तयार, धाराशिवची एसटी स्टँडवर येऊन घरघरतेय, कंडक्टर ओळखीचा म्हणून अजून घंटी मारत नाही, आणि हे दिवटं आतल्या खोलीत कानांवर हेडफोनच्या टोपल्या अडकवून मोबाइलमधल्या बुरुजावर चढतंय. शेवटी खोकी नेऊन देणार कोण? तर थोरल्याची लेक, शिवरंजनी. दोन बगलांत दोन खोकी, ओढणी कमरेला खोचलेली, आणि पळत.

“पोरगी पळती आन् पोरगा बसतो,” अक्का भाकरी थापणाऱ्या बायकांना ऐकवायच्या. “आमच्या घरी देवानं हातपाय वाटताना घोटाळा केलाय.”

अक्कांनी शाळेचं तोंड दुसरीपर्यंतच बघितलेलं. मास्तरांनी पाढा चुकला म्हणून छडी मारली, तर अक्कांनी छडी मोडून दोन्ही तुकडे मास्तरांच्या हातात दिले आणि घरी येऊन चुलीपुढं बसल्या. त्या चुलीवरच त्यांनी पुढं घर उभं केलं. नवरा गेल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा काढला, पडवीत बायका बसवल्या, आणि आता धाराशिवातच काय, सोलापुरातही त्यांची भाकरी नावानं मागितली जायची. गावात भांडण मिटेना झालं की लोक सरपंचाकडं जाण्याआधी अक्कांकडं यायचे. सरपंच निकाल द्यायला दिवस लावायचा. अक्का भाकरी उलटायच्या आत द्यायच्या.

सिद्धाराम धाकट्या लेकाचा. लेक-सून लातूरला नोकरीला. पोरगं आजीजवळ राहून कॉलेज करील म्हणून बेंबळीला ठेवलेलं. कॉलेज संपलं, पोरगं राहिलं. त्याचा धंदा काय म्हणाल, तर ‘सातवा बुरूज’ नावाचा मोबाइलवरचा खेळ तो खेळायचा, आणि तो खेळताना देशभरातली पोरं आपापल्या मोबाइलवर त्याला बघायची. त्याचा स्वतःचा चॅनेल होता. अक्कांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या.

“खेळतोस तू आन् लोक बघत्यात?”

“व्हय.”

“मग त्यांच्या हाताला काय लकवा भरलाय?”

“अव्वा, जत्रंत तुमी कुस्त्या बघाया जात हुता. तुमी काय लंगोट लावून उतरत हुता व्हय?”

पडवीतल्या बायका खुदखुदल्या. अक्कांनी मूठभर टरफलं त्याच्या अंगावर फेकली, पण आतून त्या खूश झाल्या. पोराची जीभ त्यांच्या वळणाची होती. घरात त्यांना उलट उत्तर देणारं तेवढं एकच माणूस, आणि म्हणूनच की काय, त्याच्या आळसावर त्या रोज ओरडायच्या आणि रोज त्याला आधी वाढायच्या.

त्या खेळात एक बाई होती. रणजा. सातव्या बुरुजाची राखणदार. सिद्धारामानं तिचं चित्र खोलीच्या भिंतीवर देव्हाऱ्याएवढं मोठं लावलं होतं. उंच, पिठासारखी गोरी, निळे डोळे, मुठीत मावेल एवढी कंबर, आणि घोट्यापर्यंत मोकळे केस. अक्कांनी ते चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं.

“हिच्या घरी जेवाया देत न्हाईत का?”

“अव्वा!”

“न्हाय, खरंच इचारते. आन् एवढं केस मोकळं सोडून लढती, कुणीतरी झिंज्या धरून आपटंल की हिला.”

“तिला कुणीच आपटू शकत न्हाय,” सिद्धाराम म्हणाला, आणि हे तो अशा आवाजात म्हणाला की अक्का थांबल्या. पोरगं थट्टा करत नव्हतं. बारावीला पहिल्यांदा नापास झाला त्या उन्हाळ्यात बाप त्याच्याशी बोलत नव्हता, मित्र पुढं निघून गेले होते. तेव्हापासून तो हिच्याबरोबर बुरूज चढत होता.

मग बातमी आली की ‘सातवा बुरूज’वर सिनेमा निघणार. सिद्धारामाच्या खोलीत त्या दिवसापासून भांडण शिजायला लागलं ते थंड होईना. रणजा कोण होणार? कुणी म्हणे ही नटी, कुणी म्हणे ती. एकीचं नाक नापसंत, दुसरीची उंची कमी, तिसरी चांगली पण हसताना हिरडी दिसते. ओळख ना पाळख, पोरं एकमेकांच्या आया काढायची. जेवतानाही सिद्धारामाचं चालूच.

“आमाला जशीच्या तशी रणजा पायजे. जरा बी इकडं-तिकडं चालणार न्हाय.”

“‘आमी’ म्हंजे कोण?”

“आमी. खेळणारे. ती आमची हाय.”

अक्कांना उमाशंकर पुरवंत आठवला. त्यांच्या समाजात वीरभद्राचं गुग्गुळ निघतं. मातीच्या घागरीत निखारे, त्यावर तूप आणि गुग्गुळ, ती पेटती घागर घेऊन घरचं माणूस देवळापर्यंत चालतं, आणि पुढं पुरवंत हातात तलवार घेऊन वीरभद्र होऊन नाचतो. थोरला पुरवंत मेल्यावर तलवार या उमाशंकरच्या हातात आली तेव्हा गावानं नाक मुरडलं होतं. किरटा माणूस, गुडघ्यात वाकलेला, दात पुढं. वीरभद्र असला असतो व्हय? मग हलगी वाजली, उमाशंकर पहिली गिरकी फिरला, आणि नाक मुरडणाऱ्या बायकांनी लेकरं उचलून मागं घेतली.

“आधी नाचू द्यावं माणसाला,” अक्का एवढंच म्हणाल्या. सिद्धारामाच्या कानांवर टोपल्या होत्या.

आता शिवरंजनीचं. पोरगी सावळी, खांद्यात रुंद, बापाच्या बांध्यावर गेलेली. लहानपणी उमाशंकर अंगणात नाचाचा सराव करायचा तेव्हा ही कोपऱ्यात काठी घेऊन त्याच्यासारख्या गिरक्या घ्यायची. पोरीनं पुरवंत व्हायची रीत नाही. पण काठी फिरवायला कुठली रीत आडवी येते? उमाशंकरनं हसत हसत तिला सगळं शिकवलं. पुढं धाराशिवच्या कॉलेजात ती नाटकात गेली. युवक महोत्सवात तिनं तलवार घेऊन जे काही केलं त्याची चित्रफीत कुणी कुणाला पाठवली, ती फिरत फिरत त्या सिनेमावाल्यांकडं गेली. त्यांनी पुण्याला बोलावलं. तिथं आलेल्या पोरी तलवार लाटण्यासारखी धरत होत्या, असं शिवरंजनीनं परत आल्यावर सांगितलं. पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा सही घेतली.

त्या दिवशी ती घरी आली आणि आधी अक्कांच्या पायाशी बसली. आई महादेवी चुलीपुढं होती, तिलाही हाक मारली.

“अव्वा, झालं.”

“काय झालं?”

“मला घेतलं. रणजा.”

महादेवीची भाकरी तव्यावर करपली. घरात करपल्याचा वास सुटला आणि पहिल्यांदाच अक्का त्यावरून कुणाला बोलल्या नाहीत. त्यांनी नातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ते तोंड हसत होतं आणि घाबरलेलंही होतं.

“पण कुणाला सांगू नका. सिद्धूला तर बिलकुल न्हाय. तेंनी जाहीर केल्याबिगर बोलायचं न्हाय, तशी सही घेतलीया. आधी शूटिंग करणार, मग माझं काम दाखवणार, मग नाव. लोकांनी आधी काम बघावं म्हणून.”

अक्का मान डोलवत होत्या, पण मन कधीच देवळात गेलं होतं. पोरगी नाटकात पडली तेव्हा भावकी म्हणाली होती, अक्कांची नात तमाशाला लागली. त्या वेळी अक्कांनी वीरभद्राला नवस बोलला होता: पोरीचं खरं होऊ दे, तुझं गुग्गुळ वाजतगाजत काढीन. आता खरं झालं होतं. आणि नवस हा पिठासारखा. फार दिवस ठेवला की त्यात अळ्या होतात, हे अक्कांचं मत.

“अव्वा, थोडं थांबा,” शिवरंजनी हातापाया पडली. “गुग्गुळ काढा, पर पुढच्या वर्षी.”

“देवाला काय तुझी सही दाखवू?”

“मग कशाचं हाय ते बोलू नका.”

“मुकं गुग्गुळ मयताच्या घरी बी कुणी काढत न्हाय. आन् बेंबळीत बोललेलं मुंबईला ऐकू जाया गावाला काय एवढा मोठा घसा हाय?”

हा अक्कांचा हिशेब होता. त्यांच्या लेखी गाव म्हणजे गाव, आणि गावाचा आवाज वेशीपर्यंत. आणि खरं सांगायचं तर भावकीची तोंडं बघायची होती. इतकी वर्षं ऐकून घेतलेलं एका दुपारी फेडायचं होतं.

गुग्गुळ निघालं ते दणक्यात. हलगी, संबळ, सगळ्या गल्लीत धुराचा गोड वास. शिवरंजनीच्या हातात घागर. कपाळभर, गालावर, हातावर विभूती. धुरानं डोळे चुरचुरत होते, नाक वाहत होतं, घागरीच्या झळीनं तोंड वाकडं झालेलं, घामानं विभूतीचे ओघळ आलेले. देवळापुढं हलगी थांबली. रीतीप्रमाणं उमाशंकरनं तलवार आडवी धरून विचारलं, “कुणाचं गुग्गुळ? कशापायी?”

घरच्या मोठ्या माणसानं उत्तर द्यायचं असतं. अक्का पुढं झाल्या. भावकीतल्या बायका समोरच उभ्या होत्या.

“माझ्या नातीचं! शिवरंजनीचं! सातव्या बुरुजाच्या सिनेमात ती रणजा झालीया, त्यापायी!”

रणजा म्हणजे काय हे तिथल्या बहुतेकांना माहीत नव्हतं, पण सिनेमा माहीत होता. टाळ्या पडल्या. हलगी पुन्हा कडाडली. शिवरंजनीनं डोळे मिटले. आणि गर्दीत मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या सिद्धारामाचा हात तसाच वर राहिला. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं त्याचं तोंड झालं होतं. अक्कांना ते दिसलं. त्यांना वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी पडवीत कस्तुराबाई भाकरी थापता थापता थांबली. कस्तुराबाईच्या पोटात काही राहत नसे, पण आज ती अडखळत होती.

“अक्का, राग मानू नगा. आपली शिवरंजनी मोबाइलात आलीया.”

“मग चांगलंच हाय की.”

“चांगलं न्हाय ओ.” तिनं पीठभरला हात पदराला पुसला आणि मोबाइल पुढं केला.

चित्रात अर्ध्या बाजूला भिंतीवरची ती गोरी रणजा होती. दुसऱ्या अर्ध्यात देवळापुढची शिवरंजनी: तोंड वाकडं, नाक वाहतंय, विभूतीचे ओघळ. अक्कांना अक्षरं लावत लावत वाचावी लागली. ‘ही आपली रणजा? चालेल का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. ‘नाही’ची पट्टी ताटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. ‘हो’ची पट्टी म्हणजे भाकरीवरचा तीळ.

“खाली काय लिवलंय? वाच.”

“नगं, अक्का.”

“वाच म्हनते.”

कस्तुराबाईनं वाचलं. ही तर भाकऱ्या थापणारी. राख लावून गोरी करताय का. आमची पाच वर्षं वाया घालवली. बुरुजावर चढायला हिला क्रेन लागेल. त्याच्यापुढचं कस्तुराबाईनं वाचलं नाही आणि अक्कांनीही वाच म्हटलं नाही.

“कुणी टाकलं हे?”

कस्तुराबाईनं आतल्या खोलीकडं बघितलं.

अक्कांनी हाक मारली नाही. स्वतः उठून गेल्या आणि त्याच्या कानांवरची टोपली ओढून काढली. सिद्धारामानं लपवलं काही नाही. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

“म्या काय बी खोटं लिवलं न्हाय, अव्वा. फकस्त इचारलं.”

“कुणाला इचारलंस?”

“ज्यांची रणजा हाय त्यांना.”

“ताई हाय ती तुझी! तिनं तुझं नाक पुसलंय लहानपणी!”

“म्हणूनच लई त्रास झाला मला,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरले. “दुसरी कुणी असती तर म्या शिव्या घातल्या असत्या. ताई हाय म्हणून शिव्या घातल्या न्हाईत. पर ताई हाय म्हणून गप बसलो असतो तर तेंच्याशी बेइमानी झाली असती. मला तेंनी इचारलं असतं, सिद्धू, तुला ठावं हुतं आन् तू बोलला न्हाईस?”

“आन् तिच्याशी बेइमानी झाली ती?”

“आन् गावापुढं वरडून कुणी सांगितलं, अव्वा? म्या काय तिच्या पेटीतनं चोरून आणलं?”

अक्का बाहेर आल्या आणि चुलीपुढं बसल्या. बायका खाली मान घालून थापत होत्या. थापण्याचा आवाज तेवढा येत होता.

पण हार मानून बसल्या तर त्या शिवगंगाअक्का कसल्या. संध्याकाळच्या आत त्यांनी उमाशंकरला बोलावणं धाडलं. तलवार घेऊन ये म्हटलं. सिद्धारामाला खोलीतून बाहेर काढलं.

“मोबाइल धर. आता तिचं काम दाखव सगळ्यांना. तू लोकांना निम्मं दावलंस, आता उरलेलं दाव.”

शिवरंजनी नको म्हणत होती. दिवसभर तिचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती. अक्कांनी तिच्या हातात तलवार दिली. उमाशंकरनं स्वतः हलगी घेतली. म्हातारा एवढंच म्हणाला, “पोरी, बघणारे हाईत हे इसर. पायाखाली बघ.”

आणि पोरगी नाचली. सुरुवातीला हात जड होता. मग कुठंतरी हलगीनं तिला उचललं. अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. तलवार दिसत नव्हती, तिचा नुसता वारा लागत होता. शेवटच्या गिरकीला ती एका गुडघ्यावर बसली आणि मान वर केली, तेव्हा महादेवीनं, तिच्या सख्ख्या आईनं, नकळत हात जोडले. अक्कांनी सिद्धारामाकडं बघितलं. त्याच्या अंगावर काटा होता, उन्हात स्पष्ट दिसत होता.

“बघितलंस?” अक्का म्हणाल्या. “आता बोल.”

सिद्धारामानं मोबाइल खाली घेतला.

“लई भारी,” तो म्हणाला. “आईशप्पथ, लई भारी. पर रणजा अशी न्हाय.”

शिवरंजनीनं तलवार उमाशंकरला दोन्ही हातांनी परत दिली आणि आत गेली.

ती चित्रफीतही त्यानं टाकली. आजीचं ऐकलं, असं म्हणायला जागा ठेवली. बघणाऱ्यांनी निम्मी बघितली. कुणी म्हणालं, खोटं आहे, मागून वेग वाढवलाय. कुणी म्हणालं, कोंबड्यांना घ्या सिनेमात. कुणी चांगलंही म्हणालं असेल, पण ते शोधायला खाली खाली जावं लागायचं, आणि तेवढं खाली कुणी जात नाही.

सिनेमावाल्यांचा फोन आला तो एका बाईचा होता. आवाज इतका मऊ, की अक्कांना तिथंच कळलं. ओरडणारा माणूस अजून भांडायला तयार असतो. मऊ बोलणाऱ्याचं ठरलेलं असतं. शिवरंजनीनं फोन मोठ्यानं लावला होता. तुमच्यात गुण आहेत, त्याबद्दल वाद नाही. नाव आमच्याआधी बाहेर गेलं, तेही एक वेळ सांभाळलं असतं. पण लोकांनी रणजा मनात ठरवून ठेवलीय आणि आता तुमचं नाव घेतलं की त्यांना तो धुरातला फोटोच दिसतो. तुम्ही समजून घ्याल.

“घेते,” शिवरंजनी म्हणाली.

“मला दे तो फोन,” अक्का म्हणाल्या. “बाई, म्या तिची आज्जी. चूक असंल तर माझी हाय. म्या वरडले. पोरीनं लई नगं म्हटलं हुतं. तुमी म्हनाल तितं येते, म्हनाल त्याच्या पाया पडते.”

अक्का कुणाच्या पाया पडते म्हणाल्या हे ऐकून महादेवी रडायला लागली. पलीकडची बाई म्हणाली, “आजी, असं काही करायची गरज नाही,” आणि तेही इतकं मऊ म्हणाली, की अक्कांच्या हातून फोन आपोआप खाली आला.

त्यानंतर पोरगी बेंबळीतच राहिली. धाराशिवच्या नाटकाच्या मंडळींनी बोलावलं, गेली नाही. आणि गावाला आता शब्द सापडला होता. स्टँडवर खोकी घेऊन गेली की पोरं म्हणायची, “ए रणजा, सरक.” कंडक्टर म्हणायचा, “रणजा आली, थांबवा गाडी.” वाईट मनानं नाही, गावाची थट्टा अशीच असते, माणूस मरेपर्यंत पुरते. भाकरीला येणाऱ्या बायकाही म्हणायला लागल्या. एकदा कस्तुराबाईच्या तोंडून गेलं, “रणजा, पीठ सरकव गं,” आणि शिवरंजनीनं नुसतं पीठ सरकवलं. सुरुवातीला तिला राग यायचा. तो यायचा बंद झाला, त्याची अक्कांना जास्त भीती वाटली.

मग तिनं स्टँडवर जाणं सोडलं. पडवीत बसून थापायला लागली. हात भरभर चालायचे, तोंड बंद. उमाशंकर एकदा काठी घेऊन अंगणात येऊन उभा राहिला. ती त्याला चहा देऊन आत गेली. म्हातारा चहा पिऊन काठी टेकत परतला आणि पुन्हा आला नाही. अक्का बघत होत्या. सबंध गावाचे तंटे सोडवणारी बाई, पण हिच्यासाठी काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. भांडायला समोर कुणी हवं ना. ‘नाही’ची पट्टी ओढणारी ती पोरं कुठल्या गल्लीत राहतात, कुणाची आहेत, त्यांच्या आयांना जाऊन काय सांगायचं?

आखाड सरत आला तेव्हा नव्या रणजाचं नाव जाहीर झालं. मोठी नटी, पिठासारखी गोरी, कंबर मुठीत मावेल अशी. सिद्धारामानं मागितली होती तशीच. अक्कांना वाटलं, झालं, आता तरी याच्या तोंडावर आनंद दिसेल. निदान एकाला तरी मिळालं.

दुपारचं जेवण चाललं होतं. शिवरंजनी तव्यापुढं, महादेवी वाढत होती. सिद्धाराम एका हातानं खात होता, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि कपाळाला आठ्या.

“काय रे, आली नव्हं तुझी रणजा?”

“कसली डोंबलाची, अव्वा.” त्यानं मोबाइल आपटला. “तलवार बघा कशी धरलीया. लाटणं धरल्यागत. निळी भिंगं घातल्यात डोळ्यात, कळतंय सरळ. आमी सगळे लई चिडलोय. म्या व्हिडिओ बी टाकला सकाळी.”

“काय टाकलंस?”

“हेच. ही चालणार न्हाय म्हणून.” त्यानं घास घेतला. “लोक म्हणत्यात, त्यापरीस ती पहिली बरी हुती. गावाकडची. तिला निदान तलवार तरी येत हुती म्हणत्यात.”

महादेवीचा वाढता हात थांबला. अक्का पुढं सरकल्या.

“असं म्हणत्यात? मग तू सांग की तेंना. सिनेमावाल्यांना सांग. तुझं ऐकत्यात नव्हं समदे? आत्ता सांग, ऊठ.”

“आता कशाचं, अव्वा. तिचं शूटिंग सुरू झालं. करार झालं.” त्यानं चटणी ओढली. “आन् तसं बघाया गेलं तर पहिली बी काय रणजा नव्हतीच.”

तो हे शिवरंजनीसमोर म्हणाला. वाईटानं नाही, लाजूनही नाही. ती तिथं बसलीय हे त्याच्या लक्षातच नव्हतं. अक्कांनी नातीकडं बघितलं. तिनं मान वळवली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, कडेनं दाबली, आणि पुढचा गोळा हातावर घेतला. हसली नाही, रडली नाही. खोलीत कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलणं चाललंय असं तिचं तोंड होतं.

अक्कांनी सिद्धारामाच्या ताटातली भाकरी उचलली आणि टोपलीत परत ठेवली. तो बघत राहिला.

“सिद्धाराम,” अक्का म्हणाल्या, आणि त्या ओरडल्या नाहीत म्हणून पडवीतल्या बायका थापायच्या थांबल्या, “म्या तुला रोज आळशी म्हनत हुते. ते म्या मागं घेते. आळशी मानूस दुसऱ्याचं मोडाया बी उठत न्हाय. वरडून पोरीचं नाव म्या घालवलं, त्याचं पाप माजं, ते म्या देवापुढं बघून घीन. तुझं येगळं हाय. तुला ह्या जन्मात कुनीच चालनार न्हाय रं. वीरभद्र सोता तलवार घिऊन दारात आला, तर तू म्हनशील, फोटूत असा नव्हता. तुला बायकू केली तर तिला बी असंच फोटूशेजारी लावून बघशील, लेकरू झालं तर त्येला बी. हिथं चुलीपुढं जित्तं मानूस बसलंय, त्येचा जीव गेलाय, आन् तुला तव्याचा धूर बी लागत न्हाय. तुला हाकलत न्हाय म्या. हाकलून काय उपेग, जिथं जाशील तिथं बघतच बसशील. ऱ्हा. पर तिच्या हातची भाकरी तुला आजपास्नं न्हाय. ती बी तुझ्या मनातल्यागत गोल नसती.”